राणीचा इवलासा मुकुट: ब्रिटनची जुनी स्मारक सोन्याची नाणी

खणखणीत

मंडळी, नाण्यांच्या जुन्या धाग्यावर गाडी रुळावरून पार घसरली, म्हणून हा वेगळा धागा. विषय: ज्युबिली, राज्याभिषेक अशा निमित्ताने निघालेली ब्रिटनची सोन्याची नाणी. मी ती जमवतो. खिसा बेताचा असल्यामुळे घरी आणलेल्यांपेक्षा हाताळून परत ठेवलेली जास्त.

सुरुवात १८८७ पासून करू. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली आणि टांकसाळीने नाण्यांवरचा चेहरा बदलला. तोवर विल्यम वायनने कोरलेली तरुण राणीच चालू होती. बाई अडुसष्टीला टेकल्या तरी नाण्यावर आपल्या विशीतल्याच! नवा चेहरा जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराचा. त्या वर्षीचं पाच पौंडांचं नाणं कधी मिळालं तर हातात घेऊन बघा. ३६ मिलिमीटर व्यास, जवळजवळ ४० ग्रॅम वजन, २२ कॅरट. तळहातावर ठेवल्याबरोबर हात खाली जातो. चेहरा झकास जमलाय: जड पापण्या, मिटलेले ओठ, डोक्यावरून मागे सोडलेलं ओढणीसारखं वस्त्र. आणि त्या सगळ्यावर एक इवलासा मुकुट, आत्ता घरंगळेल की मग असा.

लोकांनी या मुकुटाची यथेच्छ टिंगल केली. खरं तर तो शिल्पकाराच्या डोक्यातला नव्हता. १८७० साली राणीने स्वतःसाठी छोटा हिऱ्यांचा मुकुट करून घेतला होता आणि ती तो वापरायची. पण खरी वस्तू नाण्यावर विनोदी दिसू शकते, त्याला इलाज नाही. सहा वर्षांत, १८९३ ला, थॉमस ब्रॉकने केलेला नवा चेहरा आला आणि बोहमचा मुकुट निवृत्त झाला.

१८८७ चाच दुसरा घोळ याहून मजेदार आहे. चांदीच्या नव्या सहा पेनीच्या मागे टांकसाळीने मुकुट आणि ढाल छापली. अर्ध्या सॉव्हरिनच्या मागेही ढालच (सॉव्हरिन म्हणजे एक पौंडाचं सोन्याचं नाणं, आपल्याकडची गिनी). व्यास जवळपास सारखा. लोकांनी सहा पेनीला सोन्याचा मुलामा दिला आणि दहा शिलिंगांचं नाणं म्हणून ती खपवायला सुरुवात केली. म्हणजे एका रात्रीत वीसपट! टांकसाळीने घाईघाईने ते डिझाइन मागे घेतलं आणि नव्या सहा पेनीवर किंमत सरळ अक्षरांत लिहिली.

आता माझा मुख्य मुद्दा. या १८८७ च्या सोन्याच्या नाण्यांवर ज्युबिलीचा एक शब्दही नाही. पाच पौंड, दोन पौंड, सॉव्हरिन, अर्धा सॉव्हरिन, चारही नाण्यांवर राणीचं नाव, पदव्या आणि साल. बास. बाजारात त्यांना ‘ज्युबिली नाणी’ म्हणतात, पण टांकसाळीच्या लेखी तो फक्त चेहराबदल होता. समारंभाची आठवण ब्रिटिश लोक नाण्यावर नव्हे, पदकावर काढत. नाण्यावरच समारंभ आला तो १९३५ साली, पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाच्या क्राउनवर, म्हणजे पाच शिलिंगांच्या नाण्यावर. आणि तो क्राउन चांदीचा.

तेव्हा ‘ऐतिहासिक ब्रिटिश स्मारक सुवर्णनाणं’ अशी पाटी लावून कुणी काही विकत असेल तर पहिला प्रश्न हा, की समोर आहे ते नाणं आहे की पदक? दोन्ही जमवण्यासारखी आहेत. पण किंमत, कर आणि पुढे विकताना येणारं गिऱ्हाईक, सगळंच वेगळं.

पदकांबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर कुणी वाचणार नाही.

---

उगाचच

वाचणार वाचणार. पदकांचं लिहाच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

लेस्टरकर

मस्त धागा. त्या १८८७ च्या मुलामा दिलेल्या सहा पेनी इथल्या जत्रावजा बाजारात अजून दिसतात. काही विक्रेते तर त्या ‘फसवणुकीची अस्सल निशाणी’ म्हणून साध्या सहा पेनीच्या दुप्पट भावाने विकतात. आता त्यातली जुनी फसवणूक कुठली आणि गेल्या आठवड्यात मुलामा दिलेली कुठली, ते तो पांडुरंगच जाणे.

---

खणखणीत

@उगाचच, घ्या.

१८९७, राणीची ६० वर्षं. टांकसाळीने सोनं आणि चांदी दोन्हींत अधिकृत पदकं काढली, दोन आकारांत. मोठं साधारण ५५-५६ मिमी, लहान २५-२६ मिमी. एका बाजूला ब्रॉकची म्हातारी राणी, दुसऱ्या बाजूला वायनची तरुण राणी. साठ वर्षांचं राज्य सांगायची याहून साधी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. भोवती लॅटिन मजकूर आहे. बायबलमधल्या नीतिसूत्रांतली ओळ: तिच्या उजव्या हाती दीर्घायुष्य, डाव्या हाती वैभव. चांदीचं लहान पदक आजही पन्नास पावलांवर सापडतं. सोन्याचं लहान पदक मात्र शोधावं लागतं आणि सापडलं की बऱ्याचदा वरच्या कडेला जोडकामाच्या टाक्याचा डाग असतो, कारण बायकांनी त्याचे ब्रोच केले.

राज्याभिषेकाची पदकं त्याआधीपासून आहेत. चौथ्या जॉर्जचं १८२१ चं आणि व्हिक्टोरियाचं १८३८ चं, दोन्ही बेनेडेट्टो पिस्त्रुचीची. म्हणजे सॉव्हरिनवरचा राक्षसाला मारणारा घोडेस्वार सेंट जॉर्ज ज्याने कोरला तोच हा रोमहून आलेला माणूस. १८३८ च्या पदकावर तेव्हा बरीच टीका झाली होती. मला ते आवडतं.

सातव्या एडवर्डची तर गंमतच. राज्याभिषेक ठरला २६ जून १९०२ ला. दोन दिवस आधी राजाच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. तोवर देशभरातल्या कारखान्यांनी कप, बशा, पदकं सगळ्यावर २६ जून छापून ठेवलं होतं! त्यामुळे त्या तारखेची खासगी पदकं ढिगाने मिळतात. ‘चुकीची तारीख म्हणजे दुर्मिळ’ असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

---

कृष्णाकाठची

धागा वाचून कपाट उघडलं. आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंच्या गळ्यातलं एक मोठं नाणं आहे, वर कडी लावलेली. तोच इवलासा मुकुट! साल १८८७. मागे घोड्यावरचा माणूस आणि खाली राक्षस. घरात सगळे त्याला मोठी गिनी म्हणतात. व्यास पट्टीवर २८ मिमीच्या थोडा पुढे येतो, वजन कडीसकट १६.९ ग्रॅम. सराफ म्हणाले की मोडीत चांगले पैसे येतील, नाहीतर कडी काढून पॉलिश करून देतो, नव्यासारखं दिसेल. काय करावं?

---

खणखणीत

ताई, पॉलिश अजिबात नको. कडीलाही सध्या हात लावू नका. बाकी सविस्तर टंचभाऊ सांगतील, त्यांचा धंदाच तो.

---

टंच

हाक मारलीत म्हणून आलो. तीन पिढ्या सराफी आहे, पण ताईंचे सराफ मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

२८.४ मिमी म्हणजे दोन पौंडांचं नाणं, डबल सॉव्हरिन. नुसत्या नाण्याचं वजन १५.९७६ ग्रॅम असायला हवं. तुमच्या १६.९ मध्ये कडी आणि टाका मिळून एक ग्रॅमच्या आतबाहेर धरला तर हिशोब जुळतोय. पण जुळतोय म्हणजे खरं ठरलं असं नाही. १८८७ ची दोन पौंडी आणि पाच पौंडी ही नकली करणाऱ्यांची लाडकी. १९५०-६० च्या सुमारास मिलान आणि बैरूतकडे ती बनायची, तीही पूर्ण सोन्याची. त्यामुळे आमच्या कसोटीवर, कॅरट मशीनवर, सगळीकडे ती पास होतात. सोनं खरं, नाणं खोटं.

आता कडीबद्दल. कडी बसवताना टाका मारतात, त्याची उष्णता नाण्याला लागते आणि किनारेचे दाते तिथे बुजतात. कडी काढली तरी ती जागा लपत नाही. भिंगातून बघितलं तर टाक्याचं सोनं वेगळ्या पिवळेपणाचं दिसतं. मग हुशार कारागीर ती जागा कानशीने सारखी करतो, तिथे दाते परत पाडतो आणि सगळं नाणं पॉलिश करतो. झालं, होती नव्हती ती किंमत गेली. कडीसकट नाणं म्हणजे जुना दागिना. कडी ओरबाडलेलं, घासून चकचकीत केलेलं नाणं म्हणजे मोड.

आणि एक. सराफाला कसोटीवर घासू देऊ नका. दिसणार नाही अशा जागी घासतो म्हणतात, पण नाण्याला न दिसणारी जागा नसते.

---

अवकाळी

सगळं छान आहे, पण एक विचारू? ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं त्यांच्या राणीचे चेहरे पैसे मोजून घरात आणायचे? सोनंही बहुधा आपलंच असेल.

---

उगाचच

आले. (पॉपकॉर्न)

---

खणखणीत

@अवकाळी, प्रश्न रास्त आहे. पहिल्या भागाचं उत्तर ज्याने त्याने आपल्यापुरतं द्यावं. माझ्यापुरतं सांगतो: मला राणीबद्दल भक्ती नाही, कोरणाऱ्याच्या हाताबद्दल आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर खुद्द नाण्यावरच असतं. १८५० नंतर या नाण्यांतलं बरंचसं सोनं ऑस्ट्रेलियाच्या आणि नंतर दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतलं. म्हणून तर सिडनी, मेलबर्न, पर्थ, पुढे ओटावा आणि प्रिटोरिया इथे लंडनच्या टांकसाळीच्या शाखा निघाल्या. तिथल्या सॉव्हरिनवर एस, एम, पी, सी, एसए अशी बारीक खूण असते. आपल्याकडून जे गेलं त्याचा हिशोब मांडायला हवाच, पण तो या सोन्यात सापडणार नाही. तो व्यापारात, करात आणि रुपयाच्या दरात सापडेल. १८९३ ला सरकारने टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं आणि १८९९ ला सॉव्हरिन भारतात १५ रुपये या दराने कायदेशीर चलन केलं. भांडायचं तर त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने असेन.

---

अवकाळी

बरं. तूर्तास तह.

---

दोन पैसे

मुंबईचा सॉव्हरिन विसरलात का?

---

खणखणीत

विसरलो नाही, वेगळ्या परिच्छेदाची वस्तू आहे ती. स्मारक नाणं नव्हे, पण आपल्या लोकांना त्याच्याशिवाय हा धागा अळणी लागेल.

पहिल्या महायुद्धात सोनं जहाजाने लंडनला न्यायचं, तिथे नाणी पाडायची आणि परत इकडे आणायची, हा जिवावरचा खेळ झाला होता. म्हणून १९१८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या टांकसाळीच्या आवारात, रॉयल मिंटची, म्हणजे लंडनच्या टांकसाळीची, शाखा उघडली. तिची तयारी पूर्ण होईतो नड भागवायला मुंबईनेच सोन्याची १५ रुपयांची मोहर पाडली, वजन आणि कस सॉव्हरिनइतकाच. ती २१ लाखांच्या घरात. नंतर सॉव्हरिन सुरू झाले, सुमारे १३ लाख पडले, आणि १९१९ ला शाखा बंद. म्हणजे मुंबईच्या सॉव्हरिनवर एकच साल: १९१८.

ओळखायचा कसा? सेंट जॉर्जच्या घोड्याखाली जमिनीची रेघ आहे. सालाच्या बरोबर मध्यावर, त्या रेघेवर, एक बारीक ‘आय’ असतो. साध्या डोळ्यांना तो ओरखड्यासारखा दिसतो, दहापट भिंग लागतं. टाउन हॉलसमोरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

‘आय’ पुन्हा आला तो २०१३ साली. हरियाणातल्या कारखान्यात रॉयल मिंटच्या परवान्याने सॉव्हरिन पडू लागले तेव्हा.

---

माईंची_लेक

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. आईने मला तिच्या दोन गिन्या द्यायच्या ठरवल्यात. एक १९१८ ची (‘आय’ आहे की नाही ते बघायला सांगते), एक १९२५ ची पाचव्या जॉर्जची. मी न्यू जर्सीला असते. पर्समध्ये घालून आणल्या तर चालतील ना? दोन तर आहेत.

---

दोन पैसे

नाही. कृपा करून नाही.

१९७२ चा पुरावस्तू आणि कलावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू त्यात पुरावस्तू ठरते आणि नाणी त्या व्याख्येत नाव घेऊन आहेत. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला. खासगी माणसाला नाही. एक असो की शंभर, आईची असो की लिलावातली. नाणं ब्रिटिश आहे हा बचाव होत नाही. १९१८ चं नाणं २०१८ पासून पुरावस्तू झालं. आईकडेच राहू द्या, तुम्ही इथे आलात की बघा.

शंभर न भरलेल्या नाण्यांसाठीही पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला काढून ठेवलेला बरा. विमानतळावरचा अधिकारी नाणेतज्ज्ञ नसतो.

उलट्या दिशेचंही सांगून ठेवतो. परदेशातून येताना दागिन्यांवर मिळणारी सवलत नाण्यांना लागू होत नाही. नाणं आणलं तर जाहीर करा आणि शुल्क भरा.

---

खणखणीत

यात एक मजेदार पेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या टांकसाळीने १९४९ ते १९५२ मध्ये सॉव्हरिन पाडले, पण जुन्याच, १९२५ सालाच्या साच्यांनी! तोवर सहावा जॉर्ज राज्यावर होता, पण नाण्यावर त्याचा बाप. त्यामुळे बाजारातले लंडनचे १९२५ चे सॉव्हरिन बहुतांशी प्रत्यक्षात १९४९ नंतरचे आहेत. सालाने शंभरी भरलेली, वयाने पंचाहत्तरी. कायद्यासमोर हा वाद घालायची हौस कुणाला असेल तर मी प्रेक्षकांत बसेन.

माईंच्या लेकीने खूणही बघावी. एसए असेल तर ते प्रिटोरियाचं, खरोखर १९२५ चं.

---

लेस्टरकर

सहाव्या जॉर्जवरून आठवलं. त्याचे चलनातले सॉव्हरिन कधी निघालेच नाहीत. आहे तो फक्त १९३७ चा राज्याभिषेकाचा चार नाण्यांचा प्रूफ संच (प्रूफ म्हणजे जमवणाऱ्यांसाठी खास आरशासारखं चकचकीत पाडलेलं नाणं), किनार सपाट, एकूण ५५०१. माझ्या मते सोन्यातलं राज्याभिषेकाचं सगळ्यात देखणं काम. पण कुणीतरी जुन्या मालकाने प्रेमाने फडक्याने पुसलेलं असतं आणि आरशासारख्या पृष्ठभागावर केसांसारख्या बारीक रेघा उठलेल्या असतात. तिरप्या उजेडात धरल्याशिवाय १९३७ चं प्रूफ कधीही घेऊ नये.

आणि त्याच्या थोरल्या भावाचं? आठव्या एडवर्डने गादी सोडली म्हणून त्याची नाणी चलनात आलीच नाहीत, फक्त नमुने पाडलेले. प्रथेप्रमाणे दर राजाचं तोंड आधीच्याच्या उलट दिशेला हवं. याला आपली डावी बाजू चांगली वाटायची, म्हणून हट्टाने डावीकडे तोंड. त्यातला एक सॉव्हरिन २०२० ला दहा लाख पौंडांना गेला.

---

उगाचच

दहा लाख पौंड, आठ ग्रॅमला. आमच्याकडे घडणावळीवरून भांडण होतं.

---

लेस्टरकर

आता एक तक्रार. इथल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येतात: राज्याभिषेकाचं स्मारक सोन्याचं नाणं, अमुकच लोकांना, फक्त ९९ पौंड. मी निवृत्तीनंतर हौसेने नोंदणी केली, कंपनीचं नाव सांगत नाही. आलं ते नाणं ११ मिमीचं, अर्ध्या ग्रॅमचं, नखावर मावेल एवढं. एका दूरच्या बेटाच्या नावाने काढलेलं. पुढच्या महिन्यात न मागता दुसरं आलं, सोबत बिल. मग तिसरं. बंद करायला पत्र लिहावं लागलं, फोनवर कुणी दाद देईना. दुकानात विकायला नेलं तर काउंटरवरच्या मुलाने काटा काढला, सोन्याचा भाव लावला, बस्स.

---

टंच

काका, अशा नाण्यांवर कॅरट पण वाचा. ९ कॅरट म्हणजे ३७.५ टक्के सोनं. आणि ‘२४ कॅरटचा थर’ लिहिलेलं असेल तर आत पितळ किंवा तांबं. आमच्याकडे लोक ती डबीसकट मोडायला आणतात, डबीच जास्त जड असते.

सॉव्हरिनचा साधा हिशोब लक्षात ठेवा. वजन ७.९८८ ग्रॅम, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्या दिवशीचा २४ कॅरटचा ग्रॅमचा भाव गुणिले ७.३२. त्याच्या वर जे मागतात ते कशाबद्दल, हे विचारायचं. उत्तर सालात, खुणेत किंवा स्थितीत असलं पाहिजे. ‘स्मारक आहे’ हे उत्तर नाही.

---

खणखणीत

+१. स्मारक असून खरोखर वरचे पैसे मिळवणारं आधुनिक नाणं म्हणाल तर १९८९ चं. सातव्या हेन्रीने १४८९ ला पहिला सॉव्हरिन काढला त्याला ५०० वर्षं झाली, म्हणून बर्नार्ड सिंडॉलने एकाच वर्षापुरतं डिझाइन केलं. राणी थेट समोर बघत सिंहासनावर बसलेली, मागे ट्यूडर गुलाब आणि ढाल. सॉव्हरिन फक्त प्रूफमध्ये. नंतर २००२ ची ढाल, २०१२ चा सेंट जॉर्ज, २०२३ चा मुकुटधारी चार्ल्स आले. बरी आहेत. १९८९ ची सर कुणाला नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: १८३७ पासूनचे सॉव्हरिन तिथे अजून कायदेशीर चलन आहेत, म्हणून विकताना भांडवली नफ्यावर कर लागत नाही. पदकांना ही सूट नाही. ती साध्या किमती वस्तूंत मोडतात, म्हणजे ६००० पौंडांपर्यंतच्या विक्रीला धक्का नाही, वर गेलं की हिशोब. १८९७ चं मोठं सोन्याचं पदक विकणाऱ्याने हे आधी बघावं. मी म्हणत होतो ना, नाणं की पदक हा नुसता शब्दच्छल नाही.

आणि लिलावात भाग घेणार असाल तर हातोडी पडते त्या किमतीवर वीस टक्क्यांहून जास्त कमिशन आणि त्यावर कर असतो. हात वर करण्याआधी तो मनात मिळवा.

---

दोन पैसे

अवांतर: आपल्या संस्थानिकांना मिळालेली सोन्याची पदकं या विषयात बसतात का? १८७७ ला राणी ‘कैसर-ए-हिंद’ झाली तेव्हाचं आणि १९११ च्या दिल्ली दरबारचं?

---

खणखणीत

बसतात, पण ती मिरवायची पदकं, गळ्यात किंवा छातीवर. राजेरजवाड्यांना सोन्याची, बाकीच्यांना चांदीची. त्यांत नकलांचा सुळसुळाट इतका आहे की मी लांबूनच नमस्कार करतो. जाणकार कुणी असेल तर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

---

कृष्णाकाठची

मी परत. कडीला हात लावला नाही, पॉलिशला नाही म्हटलं. सराफ जरा नाराज झाले. घरी दुसरी एक छोटी गिनी पण सापडली, तिला कडी नाही. तिची घरच्या घरी काही तपासणी होते का?

---

टंच

होते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी नाणं नुसतं तोला, सॉव्हरिन असेल तर ७.९ च्या पुढे हवं. झिजलेलं थोडं कमी भरेल. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो ०.४५ ते ०.४६ च्या आसपास हवा. कोरड्या वजनाला त्याने भागा, साडेसतराच्या जवळ उत्तर आलं की २२ कॅरट. ०.९ वगैरे आलं तर पितळेसारखा हलका धातू. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी टिचकीने घालवा, त्यानेच निम्म्या लोकांचं उत्तर चुकतं.

कडीवाल्या नाण्याला ही चाचणी नीट लागू नाही, टाक्याचा कस वेगळा असतो.

पण मघाशी म्हटलं तसं, यातून फक्त सोनं कळतं. नाणं अस्सल आहे का हे कळायला भिंगाखाली बघावं लागेल: अक्षरांचे कोपरे धारदार आहेत का, किनारेचे दाते एकसारखे आहेत का, पृष्ठभागावर फोडासारखे बारीक उंचवटे आहेत का. साच्याच्या नकलेवर अक्षरं साबणासारखी गुळगुळीत दिसतात. आणि लहान नाण्यावर लंडनचं १९१७ साल असेल तर शंका धरूनच बघा, त्या सालाच्या नकला अस्सलांपेक्षा सहज मिळतात.

---

कृष्णाकाठची

७.९७ आणि ०.४६! साल १९१०, एडवर्ड. जमिनीच्या रेघेवर ‘पी’ दिसतोय.

---

खणखणीत

पर्थ. सामान्य साल, पण छान. जुन्या प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्यातला चिकट पदार्थ कालांतराने पृष्ठभागावर उतरतो. कडक प्लास्टिकची गोल डबी मिळते, २२ मिमीची मागा. धरताना फक्त किनारेला धरा. मोठ्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडीच्या दोन्ही अंगांच्या किनारेचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून टाका. बोहमच्या सहीची अक्षरं, जे. ई. बी., राणीच्या खांद्याच्या कापलेल्या कडेवर असतात. ती कशी उमटलीत ते बघून पुढचं बोलू. तोवर मोडीचा विचार बाजूला राहू द्या.

---

कृष्णाकाठची

मुलगा रविवारी येतोय, त्याचा कॅमेरा चांगला आहे. तेव्हा टाकते. सासूबाई विचारतायत की फोटो काढताना नाणं हारातून काढावं लागेल का.

---

टंच

नको. हारासकट काढा.